मागच्या सीटवरून पाहिलेले दिवे

मनोहर,

तुझा फ्लेक्स चौकात अजून आहे. आपल्या नागपुरात, त्यातून हुडकेश्वरात, फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस गेला असं कोणी धरत नाही, त्यामुळे तुझं जाणं आता अधिकृत झालं आहे. फोटोत तू कोट घातला आहेस. तुझ्याकडे कोट नव्हता, आपल्या लग्नातही नव्हता. पण फ्लेक्सवाल्याकडे एकच कोट आहे आणि तो वॉर्डातल्या सगळ्या गेलेल्या पुरुषांना चढवतो. मागे धबधबा आहे. खाली 'शोकाकुल' म्हणून एकवीस नावं आहेत. त्यातल्या किमान सात जणांना तू फाटकाच्या आत घेत नव्हतास, आणि एक जण येत्या निवडणुकीत उभा राहणार आहे. त्याचा फोटो तुझ्याहून मोठा आहे.

कॉलनीच्या सभागृहात शोकसभाही झाली. एका वक्त्यानं तुला दीपस्तंभ म्हटलं. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर इलेक्ट्रिशियन असलेल्या माणसाला दीपस्तंभ म्हणणं सोपं पडत असावं. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि सवयीनं डावीकडे वळले, कारण अशा वेळी तू कानाशी येऊन म्हणायचास, "याच्या घरी अजून अर्थिंग नाही, अन् हा दीपस्तंभ म्हणून राहिला." डावीकडे तुझी चुलत वहिनी होती. ती रडत होती. मी पुन्हा समोर पाहिलं.

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणायचे आणि दार लावल्यावर 'अरे'. हा कागद उद्या चारचौघांच्या हाती पडेल, तरी 'अरे'च लिहिणार. आता कोणाची आई रागावणार आहे?

मला तुझ्याशी गेल्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळबद्दल बोलायचं आहे. ती संध्याकाळ झाल्यावर तू दहा-अकरा महिने होतास, आपण रोज समोरासमोर जेवत होतो, आणि त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. मला वाटलं, तू बोलशील. तुला काय वाटलं, ते मला माहीत नाही. या पत्रात शेवटपर्यंत कळणारही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तू मला पहिल्यांदा बाहेर नेलंस तेव्हा लग्नाला महिना झाला होता. लकडगंजच्या तुमच्या घरात अकरा माणसं होती आणि नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं असेल तर ते भाजीबद्दलच असावं लागे. तू आईला सांगितलंस, एका आजारी मित्राला पाहून येतो, हिले बी नेतो. मी महाल भागातल्या कारकुनाची मुलगी. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून पिशवीत चार संत्री घेतली. सदरचा बाजार ओलांडून तू मोहननगरच्या ख्रिस्ती वस्तीच्या गल्ल्यांत शिरलास. घराघरांवर कागदाच्या चांदण्या टांगलेल्या, आत पिवळा बल्ब, व्हरांड्यांत रंगीत माळा. तू दुचाकी इतकी हळू चालवत होतास की कुत्री आपल्याला मागे टाकून जात होती.

मी विचारलं, "तुझा मित्र कुठे राहतो?"

"कोणता मित्र? दिवे पाहाले आलो आपण."

"कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही वं. रस्त्यावरून पाहाचे."

मी म्हटलं, दुसऱ्यांच्या सणाचे दिवे बघायला कडाक्याच्या थंडीत एवढ्या लांब यायचं, ही काय पद्धत आहे? तेव्हा तू जे उत्तर दिलंस ते पुढे दरवर्षी देत राहिलास, शब्दही न बदलता. "आपल्या दिवाळीत आपल्याले काम राहते. वायरी मीच लावतो, फराळ तूच करते, वरून पाव्हणे. पाहाले फुरसत कुठी आहे? दुसऱ्याच्या सणात नुसतं पाहाचं."

संत्री आपण सेमिनरी हिल्सच्या उतारावर, गाडीला टेकून खाल्ली. सासूबाईंना मी मित्राची तब्येत बरी असल्याचं सांगितलं.

पुढे नुसतं पाहायचं हे तुलाही जमलं नाही, हे मात्र नोंदवते. तुझ्या वरच्या खिशात टेस्टर असायचा. मोहननगरात एका व्हरांड्यातली चांदणी मिचमिचत होती. तू गाडी थांबवून सरळ पायऱ्या चढलास. आतून मार्थाबाई आल्या, रिटायर्ड नर्स, हातात काठी.

"बाई, चांदणीची वायर ढिली आहे. लावून देऊ का?"

"तुम्ही वीज मंडळातून आलात का?"

"नाही. लकडगंजातून आलो."

हे उत्तर ऐकून कुठल्याही बाईनं दार लावलं असतं. त्यांनी स्टूल आणून दिलं. मग दरवर्षी तू त्यांची चांदणी तपासायचास आणि त्या आपल्याला केकसोबत करंज्या द्यायच्या. सण बदलला तरी महाराष्ट्रात करंजीतून सुटका नाही, असं मी म्हटलं, तर त्या तुझ्याहून मोठ्यानं हसल्या. पुढे त्या मुलीकडे राहायला गेल्या, त्यांच्या घराच्या जागी तीन मजल्यांची फ्लॅट स्कीम झाली, तरी तिथे आल्यावर तू क्लच दाबायचास.

मी मागे बसून टीका करायचे. ते माझं कामच होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं लोकांना गप्प बसवलं, त्याचं उट्टं तुझ्या पाठीमागे निघायचं. मॉलसमोरचं ते चार मजली झाड, त्याखाली सेल्फीसाठी रांग, कापसाचा बर्फ, घामेजलेला सांता. मी म्हणायचे, नागपुरात बर्फ आणि तोही कापसाचा, म्हणजे दोन थापा एकात. तू म्हणायचास, "तू पाहून नाही राहिली, तू तपासून राहिली." मी म्हणायचे, "आणि तू खिशात टेस्टर घेऊन काय करतोस?" यावर तू हॉर्न वाजवायचास. तुझ्याकडे उत्तर नसलं की रस्त्यावर नसलेल्या गाईला हॉर्न मिळायचा.

सदरला उड्डाणपूल झाला तेव्हा आपण एकदाच त्यावरून गेलो. तुला आवडलं नाही. "वरून पाहिलं की सगळे दिवे सारखेच दिसते," म्हणालास, आणि पुढच्या वेळेपासून पुन्हा खालच्या रस्त्यानं, सिग्नल मोजत.

स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायची तुझी पद्धत मला आधी गावंढळ वाटली होती. मग पहिल्याच जानेवारीत मी मागे बसून कुडकुडले आणि मीही घालायला लागले. तू मुद्दाम अग्रलेखाचं पान काढायचास. "यानं ऊब येते. बाकीची पानं गार आहेत." हिंगण्याच्या पहिल्या पाळीला पहाटे निघताना रोज एक अग्रलेख छातीशी धरून गेलेला दुसरा वाचक त्या पेपराला मिळाला नसेल.

आणि आपला तो एक रिवाज. तू तीनदा विचारायचास, मी दोनदा नाही म्हणायचे. दुपारी जेवताना, "आज जायचं ना?" मी म्हणायचे, छे, काय त्यात. चार वाजता चहाला, "जाऊन येऊ वं." मी म्हणायचे, थंडी किती आहे. मग सहाला तू मफलर गुंडाळून दारात उभा राहायचास. "चालतं का नाही?" आणि मी काही न बोलता स्वेटर चढवायचे. तुला काय वाटायचं, मी दरवर्षी तुझ्या हट्टापायी यायचे? स्वेटर मी सकाळीच उन्हात टाकून ठेवायचे. वर्षभरात मी वाट पाहायचे अशी ती एकच संध्याकाळ होती. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तीनदा विचारलं नसतंस, आणि मला तीनदा विचारून घ्यायचं असायचं. इतकी वाचलेली बाई आणि अक्कल एवढी.

मग तुझं हृदय निम्म्या ताकदीनं चालतंय असं निघालं. डॉक्टरांनी पुठ्ठ्यावर चित्र काढून सोपं करून सांगितलं: मीठ बंद, जिना बंद, थंड वारा बंद, दुचाकी बंद. तू विचारलंस, चालू काय आहे ते सांगा, यादी लहान होईल. डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण मी लिहून घेत होते.

गेल्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा मी खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि शब्दकोशांच्या रांगेमागे ठेवली. त्या कपाटाला तू जन्मात हात लावला नव्हतास. "तिथी वाळवी बी जात नाही, मी कायले जाऊ," असं तूच म्हणायचास. म्हणजे तू विचारायच्या आधीच मी ठरवून मोकळी झाले होते.

दुपारी तू विचारलंस. मी नाही म्हटलं. ते नेहमीचं होतं, तू जेवत राहिलास.

चार वाजता म्हणालास, "हळूहळू जाऊ. वीसच्या वर नेत नाही. मोहननगरातून वळून वापस."

"डॉक्टरांनी काय सांगितलं आहे?"

"डॉक्टरनं मीठ बी बंद केलं. मिठाचं मी ऐकलं ना? सहा महिने गवत खाऊन राहिलो. आता दिव्याचं तू ऐक."

"आपल्या अभयला फोन करते, तो पुढच्या आठवड्यात पुण्याहून येतो आहे. त्याच्या कारनं जाऊ."

"पुढच्या आठवड्यात दिवे उतरवते लोक. अन् कारच्या काचेतून काय पाहाचं? ते तं टीव्हीसारखं झालं."

सहा वाजता तू मफलर गुंडाळून दारात आलास. स्वेटर घातलेला, आत पेपर, वर टोपी. "चालतं का नाही वं?" तिसऱ्यांदा. माझ्या अंगात स्वेटर नव्हता. तू ते पाहिलंस. मग खिळ्याकडे पाहिलंस.

"किल्ली पाहिली का?"

"नाही."

"इथीच राहते."

"मागच्या वेळी अभयनं गाडी नेली होती. त्यानं कुठे ठेवली असेल."

एका दमात मी तुझ्याशी खोटं बोलले आणि मुलावर ढकललंही. तू ड्रॉवर पाहिलास, टीव्हीच्या मागे पाहिलंस, टूलबॅग उघडलीस. दहा मिनिटं. मी भाजी निवडत होते आणि प्रत्येक वेळी मान वर करून "सापडली का?" विचारत होते. हे मी का विचारत होते, ते मला आजही कळत नाही. गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

मग तू पोर्चमधल्या खुर्चीत जाऊन बसलास. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी नक्की." तू "होय" म्हणालास. श्वास घेतलास की स्वेटराच्या आतला पेपर वाजत होता. आत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता तो.

पुढचं वर्ष तुला मिळालं नाही. दिवाळीत माळा अभयनं लावल्या आणि तू खाली खुर्चीत बसून त्याच्या चुका काढल्यास. तुळशीच्या लग्नाच्या आत तू गेलास.

कागदपत्रांसाठी डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी विचारलं. गेल्या डिसेंबरात आमचे हे मफलर-बिफलर बांधून तासभर गाडीवर फिरून आले असते, तर काही झालं असतं का? ते माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसे पाहत म्हणाले, "तासाभरानं काय होणार होतं, काकू? जे व्हायचं ते होणारच होतं." त्यांना वाटलं, ते मला धीर देत आहेत. मी बाहेर येऊन बाकावर बसले. म्हणजे मी तुझा एक दिवसही वाढवला नव्हता. एक संध्याकाळ काढून घेतली होती, बस.

या अपराधाला धरून मी महिनाभर काढला. खरं सांगते, तो अपराध होता तोवर बरं होतं. शोकसभेतले लोक तुला कर्तव्यनिष्ठ म्हणत होते, मनमिळाऊ म्हणत होते, त्यातलं काहीही मला तुझ्यापर्यंत नेत नव्हतं. पण मी तुझ्याशी काय केलं, हे फक्त मला माहीत होतं. तेवढं एक आपल्या दोघांचं होतं.

परवा नाताळच्या आदल्या दिवशी अभय आला. मी एकटी राहू नये म्हणून. संध्याकाळी म्हणाला, "आई, चल, मोहननगरला जाऊन येऊ. बाबाची गाडी काढतो." मी नाही म्हटलं. त्यानं एकदाच विचारलं आणि सोडून दिलं. त्याला आपला रिवाज माहीत नाही. मग का कोण जाणे, मी त्याला सगळं सांगितलं. किल्ली कुठे ठेवली, त्याच्यावर कसं ढकललं, सगळं.

त्यानं हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आई, बाबाला किल्ली लागत नव्हती."

"म्हणजे?"

"अगं, तसली जुनी गाडी चालू करायला किल्ली लागतच नाही, बाबाला कुठून लागणार? दहावीच्या पेपरला मी गाडी नेली होती, आठवतं? सेंटरवर किल्ली हरवली. मी घाबरून बूथवरून कारखान्यात फोन केला. बाबा आला, हेडलाइटच्या मागे हात घातला, दोन वायरी जोडल्या, मारली किक. अर्धा मिनिट. मला म्हणाला, आईले सांगू नको, नाही तं ती गाडीले साखळी लावते."

मी म्हटलं, "मग तो गेला का नाही?"

अभय म्हणाला, "तुझ्यासाठी थांबला असेल. तू लपवलीस हे त्याला कळलं असणार. कळूनही थांबला."

मुलं आईला गोड उत्तर देतात. तो लगेच फोनमध्ये पाहायला लागला, कारण त्याचेही डोळे भरले होते. मी त्याला पुढचं सांगितलं नाही. ते तुला सांगते.

तू खुर्चीत बसलास आणि पेपर वाजत होता, त्यानंतर तो वाजायचा थांबला. मी खिडकीतून पाहिलं. तू उठून गाडीपाशी गेला होतास. वरचं कव्हर काढलंस. दोन्ही हातांनी गाडी धरलीस आणि तसाच उभा राहिलास. पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं, किल्ली गाडीलाच राहिली का ते पाहतो आहेस, आणि मला आतून हसू आलं. बऱ्याच वेळानं तू कव्हर घातलंस, चारी बाजूंनी नीट खोचलंस, आत आलास आणि म्हणालास, "चहा ठेव वं."

तेव्हा तू नक्की काय करत होतास, मनोहर?

अभय म्हणतो तसं असेल, हात वायरींपर्यंत जाऊन माझ्यासाठी मागे आला असेल, तर माझी लबाडी तू पाहिलीस आणि तिचा मान ठेवलास. माझ्याकडून त्याबद्दल एक शब्दही न घेता गेलास. किंवा दुसरं. तू गाडी मधल्या स्टँडवरून काढायला गेलास, आणि ती निघाली नाही. रोज एका हिसक्यात काढायचास ती. तेव्हा तुला डॉक्टरांच्या पुठ्ठ्यावरून जे समजलं नव्हतं ते समजलं, अंधारून आलेल्या पोर्चमध्ये, एकट्याला. आणि मी दहा पावलांवर, तुला थांबवल्याच्या समाधानात.

पहिलं खरं असेल तर ती संध्याकाळ मी तुझ्याकडून हिरावून घेतली. दुसरं खरं असेल तर माझ्या फसवण्याला काही अर्थच नव्हता, तू जाऊच शकत नव्हतास, आणि मग मी काही हिरावूनही घेतलेलं नाही. तेवढा अपराधसुद्धा माझा उरत नाही. काल सकाळी मी स्वतः गाडी स्टँडवरून काढून पाहिली. हलली नाही. अभय आला आणि त्यानं एका हातानं काढली. दोन्हींवरून काही सिद्ध होत नाही. मी चौसष्ट वर्षांची बाई आहे आणि तो छत्तीसचा आहे. ताकदीत तू त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणाच्या बाजूला होतास, तेच तर माहीत नाही.

अभय पहिल्यावर विश्वास ठेवून पुण्याला परत गेला. त्याला ते राहू दे. मला दुसरं खरं वाटतं, कारण मी चहा ठेवला होता. आलं जास्त किसलं होतं, लाडानं, जिंकलेल्या माणसासारखं. तू कप घेतलास तेव्हा तुझे दोन्ही हात थरथरत होते, दंडापासून, काहीतरी फार जड उचलल्यावर थरथरतात तसे. चहा बशीत सांडला. मी फडकं आणलं आणि म्हटलं, "बघ. किती थंडी आहे. म्हणूनच नको म्हणत होते."